उरलं काय? मसावि गटात शिकवताना

सहावीच्या मुलाला २४ आणि ३६ यांचा मसावि काढायला सांगा. तो दोन्ही संख्यांचे मूळ अवयव पाडेल, सारख्या अवयवांभोवती गोल करेल आणि १२ लिहून मोकळा होईल. मग त्यालाच विचारा, की २४ संत्री आणि ३६ लिंबं आहेत, सगळ्या पिशव्या अगदी एकसारख्या भरायच्या आहेत आणि एकही फळ मागे ठेवायचं नाही, तर जास्तीत जास्त किती पिशव्या होतील? काही मुलं दोन्ही संख्यांची बेरीज करतात, काही ३६ ला २४ ने भागतात, आणि वर्गातली हुशार मुलं विचारतात, "सर, हे मसाविचं आहे की लसाविचं?"

या शेवटच्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. रीत या मुलांना येते, पण ती कधी वापरायची हे आपण त्यांना सांगावं अशी त्यांची अपेक्षा आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तिथे सांगायला कुणी नसतं.

सावनेर तालुक्यातल्या शाळांमध्ये गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांनी हा धडा फळ्यावरून उतरवून मुलांच्या हातात द्यावा, असं मला मनापासून वाटतं. साहित्याला पैसे लागत नाहीत. चिंचोके, खडे, सुतळी, तुरीच्या काढणीनंतर शेतात पडलेल्या तुराट्या, चौकटीची वही आणि खडू एवढं पुरे. शिक्षकाने बोलायचंही फार नाही. "उरलं काय?" हा एक प्रश्न या धड्यात निम्म्याहून जास्त काम करतो.

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला २४ चिंचोके आणि ३६ खडे द्या. चिंचोके म्हणजे संत्री, खडे म्हणजे लिंबं. पिशवीऐवजी जमिनीवर खडूने गोल काढायचे. पहिल्या तासाच्या सुरुवातीला ‘जास्तीत जास्त’ हे शब्द उच्चारूच नका. एवढंच सांगा, की सगळे गोल सारखे भरले पाहिजेत आणि हातात काही राहता कामा नये. किती गोल काढायचे ते तुम्ही ठरवा. कुणी पाच गोल काढेल, चिंचोके वाटेल आणि म्हणेल, "मॅडम, चार उरून राहिले." "मग?" "पाच नाही जमत." कुणी आठ काढेल. चिंचोके बरोबर तीन-तीन बसतील आणि गट खूश होईल. मग खडे वाटायला घेतले की चार खडे हातात राहतील. नऊ गोलांना उलटं होतं. खडे बसतात, चिंचोके उरतात. हे दोन प्रसंग वर्गात घडू द्यायचेच, आणि कुठल्याच गटाने आठ किंवा नऊ घेतले नाहीत तर आपण सुचवायचे. आठ हा २४ चा विभाजक आहे, तरी इथे चालत नाही. सामाईक विभाजक म्हणजे काय, ते मुलाला या ठिकाणी कळतं, कारण हातात राहिलेले चार खडे त्याला दिसत असतात.

सगळ्या गटांचं मिळून १, २, ३, ४, ६, १२ अशी यादी फळ्यावर येते. आता विचारा, की यातल्या सगळ्यात जास्त पिशव्या कोणत्या? बारा. प्रत्येक पिशवीत दोन संत्री, तीन लिंबं. लगेच पुढचा प्रश्न टाका, की या प्रत्येक पिशवीच्या आणखी दोन सारख्या पिशव्या करता येतील का? लिंबू कापावं लागेल. तीन करू? संत्रं कापावं लागेल. २ आणि ३ मध्ये आता १ सोडून काहीच सामाईक उरलेलं नाही, हे मुलं स्वतः बोलून दाखवतात. २४/३६ या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिलं की २/३ का येतात, याचं उत्तरही त्याच पिशवीत आहे. अपूर्णांकाचा धडा वेगळा आणि मसाविचा वेगळा असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. ते मोडायची याहून चांगली संधी वर्षभरात मिळत नाही, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त थांबा.

संख्या निवडताना विचार करावा लागतो. १२ आणि १८, ३० आणि ४२ या जोड्या सरावाला ठीक आहेत. १५ आणि ४५ ही जोडी मुद्दाम द्या. लहान संख्याच मसावि असू शकते, हे मुलांना सुचत नाही. मसावि दोन्ही संख्यांपेक्षा लहानच असायला हवा अशी त्यांची समजूत झालेली असते. आणि १६ आणि २१ ही जोडी तर हवीच. गट बराच वेळ गोल पुसत आणि काढत बसतो, शेवटी एकाच गोलात सगळं टाकतो आणि आपलं काहीतरी चुकलं अशा चेहऱ्याने बघतो. त्यांचं चुकलेलं नाही. उत्तर १ आहे आणि या संख्या सहमूळ आहेत, हे दुसऱ्या गटाने त्यांना सांगावं, आपण नाही.

दुसरा तास मैदानावर घ्या. सावनेरला यासाठी एक सुंदर उदाहरण आयतंच आहे. नागपूर–छिंदवाडा मार्गावर काही वर्षांपूर्वीपर्यंत नॅरोगेजची छोटी गाडी सावनेरवरून जायची. मुलांच्या आजी-आजोबांनी तिच्यातून प्रवास केलेला आहे. तिच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ३० इंच. आता तिथे ब्रॉडगेज आहे, अंतर साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच. मैदानावर खडूने दोन्ही मार्ग खऱ्या मापाचे आखा. टेपवर एका बाजूला इंच असतात, ते वापरा. मोजमाप मैदानावरच करायचं, मुलांना घेऊन रुळांवर जायचं नाही. मग प्रत्येक गटाला ३० इंच आणि ६६ इंच लांबीच्या दोन सुतळ्या द्या आणि सांगा: अशी एक तुराटी तोडा, जी दोन्ही सुतळ्यांवर ठेवत गेलं की शेवटी काहीच शिल्लक राहत नाही. आणि ती शक्य तेवढी लांब हवी.

पहिल्यांदा मुलं अंदाजाने तुराट्या तोडतात. तोडू द्या. थोड्या वेळाने कुणीतरी दोन्ही सुतळ्या शेजारी ठेवतं. लांब सुतळीवर लहान सुतळी दोनदा बसते आणि ६ इंचांचा तुकडा उरतो. "उरलं काय?" "सहा." "मग आता या सहाचं काय करायचं?" इथे आपल्याला गप्प बसायची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती कठीण आहे, कारण उत्तर आपल्या जिभेवर आलेलं असतं. तो तुकडा ३० इंचांच्या सुतळीवर ठेवून बघायचं कुणाला तरी सुचतंच. पाच वेळा बसतो, काही उरत नाही. मसावि ६.

आता कारण विचारा. जी तुराटी ६६ लाही पुरती बसते आणि ३० लाही पुरती बसते, ती ६६ मधून दोनदा ३० काढल्यावर उरलेल्या तुकड्यालाही पुरती बसलीच पाहिजे. म्हणजे दोन्ही संख्यांचा कुठलाही सामाईक विभाजक हा त्या बाकीचाही विभाजक असतो. आदल्या दिवशीच्या यादीतल्या १, २, ३, ४, ६ या सगळ्या संख्यांनी १२ ला पूर्ण भाग का जात होता, तेही यावरून उलगडतं. पुस्तकात भागाकार पद्धत म्हणून जी रीत येते, ती हीच: मोठीला लहानीने भागा, बाकीने लहानीला भागा, असं शून्य येईपर्यंत. युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ती लिहून ठेवली. मुलांनी सुतळीवर ती शोधली की मग पुस्तक उघडायला सांगा. त्यांना आपलीच रीत तिथे छापलेली दिसते, आणि त्या आनंदासाठी हा क्रम पाळावा.

सातवी-आठवीच्या मुलांना याच रुळांवरून एक कोडं देता येईल. रेल्वेच्या कागदोपत्री हीच अंतरं मिलिमीटरमध्ये ७६२ आणि १६७६ अशी लिहितात. गटांना यांचा मसावि काढायला लावा. १६७६ मधून दोनदा ७६२ गेले, उरले १५२. ७६२ मधून पाचदा १५२ गेले, उरले २. मसावि २. इंचांमध्ये तुराटी ६ इंचांची होती, म्हणजे १५२.४ मिलिमीटरची, मग तीच अंतरं मिलिमीटरमध्ये मोजल्यावर ती एकदम २ मिलिमीटरवर कशी आली? गटांना भांडू द्या. साडेपाच फूट म्हणजे खरं तर १६७६.४ मिलिमीटर. लिहिताना दशांश चिन्हापुढचे ४ सोडून दिले आणि तेवढ्याने दोन्ही लांबींचं सामाईक माप मोडलं. मोजलेली संख्या आणि मोजून पूर्ण केलेली संख्या यांतला फरक शिकवायला इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

चौरसांचा खेळ घरीही करता येतो, म्हणून पालकांनी तो लक्षात ठेवावा. चौकटीच्या कागदावर ३० घरं लांब, १८ घरं रुंद असा आयत कापा. त्यातून मोठ्यात मोठा चौरस कापून काढा: १८ चा. उरलेल्या १८ बाय १२ च्या पट्टीतून १२ चा चौरस. उरलेल्या १२ बाय ६ मधून ६ चे दोन चौरस, आणि कागद संपला. शेवटच्या चौरसाची बाजू, ६, हा मसावि. हा आयत म्हणजे एक खोली मानली, तर तिला तुकडा न करता बसणारी मोठ्यात मोठी चौरस फरशीही ६ ची, आणि अशा पंधरा फरशा लागतात. झेरॉक्सचा कागद २९७ बाय २१० मिलिमीटर असतो. त्यावर हेच करायला घेतलं तर आधी एक मोठा चौरस निघतो, मग पुढच्या प्रत्येक मापाचे दोन-दोन. बाजू २१०, ८७, ३६, १५, ६ अशा उतरत जाऊन शेवटी ३ येते. कात्री १५ च्या पुढे चालत नाही. पुढचं वहीत करावं. घराचं बांधकाम सुरू असेल तर टाइल्स बसवणाऱ्या मिस्त्रींना विचारायला मुलाला पाठवा, की तुम्ही कडेला टाइल कापता का आणि का कापता. खऱ्या खोलीची मापं अशी सोयीची नसतात आणि मसावि २ सेंटिमीटर आला म्हणून कुणी २ सेंटिमीटरच्या फरशा लावत नाही, हे मुलाला मिस्त्रींकडूनच समजलेलं बरं.

गटाच्या शिस्तीबद्दल थोडं. गटकार्याच्या नावाखाली एक मूल काम करतं आणि तिघं बघतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. ज्याच्या हातात साहित्य त्याने लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्याने साहित्याला हात लावायचा नाही. संख्यांची जोडी बदलली की कामंही बदलायची. मग हाताने करणाऱ्याला बोलून सांगावं लागतं आणि लिहिणाऱ्याला विचारावं लागतं. दुसरी गोष्ट, गटाचं उत्तर कोण सांगणार ते शेवटी चिठ्ठी टाकून ठरवायचं. कुणाचं नाव निघेल ते माहीत नसल्यामुळे हुशार मूल शेजारच्याला समजावायला लागतं, आणि आपण समजावलं त्यापेक्षा ते पुष्कळदा नेमकं असतं. वऱ्हाडीत समजावलं तर समजावू द्या. "याले उरतच नाही काही" हे वाक्य गणित म्हणून पूर्ण बरोबर आहे. ज्या शाळेत सहावीचा पटच पाच-सहाचा आहे, तिथे पाचवी ते सातवीची मुलं एकत्र बसवा. पाचवीचं मूल वाटतं, सहावीचं यादी करतं, सातवीचं कारण सांगतं. एकाच साहित्यावर तिन्ही वर्गांचा तास होतो.

मसावि की लसावि हा गोंधळ सोडवायला वेगळा तास द्या आणि त्या तासाला आकडेमोड बंद ठेवा. शाब्दिक उदाहरणांची कार्डं करून गटांना द्या, सोडवायची नाहीत, नुसती दोन ढिगांत लावायची. समजा सावनेर बसस्थानकावरून एक गाडी दर ३० मिनिटांनी आणि दुसरी दर ४५ मिनिटांनी सुटते, तर दोन्ही पुन्हा एकत्र कधी सुटतील? ४८ आणि ६० लिटर दुधाच्या दोन टाक्या एकाच मापाने पूर्ण मोजायच्या, तर मोठ्यात मोठं माप कोणतं? पहिल्यात दोन्ही संख्या वाढत वाढत कुठेतरी भेटतात. दुसऱ्यात दोन्हींचे तुकडे पाडायचे आहेत. उत्तर मोठ्या संख्येएवढं किंवा त्याहून मोठं येणार, की लहान संख्येएवढं किंवा त्याहून लहान, एवढं ठरवता आलं की ढीग आपोआप लागतात. ‘मोठ्यात मोठी’ शब्द दिसले की मसावि आणि ‘लहानात लहान’ दिसले की लसावि, असली युक्ती मात्र शिकवू नका.

ती कशी फसवते ते संत्र्याच्या बागेच्या उदाहरणात दिसतं. ९० मीटर लांब आणि ६६ मीटर रुंद वावराच्या चारी धुऱ्यांवर सारख्या अंतरावर झाडं लावायची, चारी कोपऱ्यांत झाड हवंच, तर कमीत कमी किती झाडं लागतील? प्रश्नात ‘कमीत कमी’ आहे, पण झाडं कमी लागायची तर अंतर जास्तीत जास्त हवं, म्हणजे काढायचा मसावि. तो ६ येतो, आणि नागपुरी संत्र्याची लागवड सहसा ६ बाय ६ मीटरवरच होत असल्याने बागायतदाराच्या घरची मुलं इथे खुलतात. झाडं मोजताना बहुतेक गट ५६ म्हणतात: लांबीवर सोळा, रुंदीवर बारा, दोन्हींची दुप्पट. फरशीवर ९० बाय ६६ सेंटिमीटरचा आयत आखून ६-६ सेंटिमीटरवर तुरीचे दाणे ठेवायला सांगा. दाणे ५२ भरतात. कोपऱ्यावरची चार झाडं दोनदा मोजली गेली होती.

मूळ अवयवांची रीत एवढं झाल्यावर आणा. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर २, ३, ५, ७ लिहून ठेवा. एकाने २४ साठी २, २, २, ३ मांडायच्या, दुसऱ्याने ३६ साठी २, २, ३, ३, आणि दोघांकडे असलेल्या चिठ्ठ्यांच्या जोड्या लावायच्या. जोड्या लागतात २, २ आणि ३ यांच्या, गुणाकार १२. याला फार वेळ लागत नाही.

शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्यांना ‘बाकी उरते’ छापाची उदाहरणं जड जातात. ५९ आणि ७७ यांना ज्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागल्यास प्रत्येक वेळी ५ उरतात, ती संख्या कोणती? सूत्र देऊ नका, खडे द्या. प्रत्येक ढिगातून पाच खडे आधीच बाजूला काढून ठेवले तर उरलेले ५४ आणि ७२ पूर्ण वाटले जातील, एवढं दिसलं की १८ येतात. भागणारी संख्या उरलेल्या ५ पेक्षा मोठी आहे ना, ते गटाने तपासायचं.

शेवटचा खेळ पाण्याचा. तो पावसाळ्यात घ्या, उन्हाळ्यात पाण्याऐवजी वाळू चालेल. एक डबा ६ पेल्यांचा, एक ९ पेल्यांचा, आणि एक रिकामी बादली. दोन्ही डबे पूर्ण भरून बादलीत ओतता येतात किंवा बादलीतून डबा पूर्ण भरून काढून घेता येतो. अर्धा भरणं, अंदाज करणं बंद. बादलीत ३ पेले पाणी आणा. येतं: ९ ओता, ६ काढा. १५ आणा, १२ आणा. येतं. आता म्हणा, ४ आणा. हा प्रश्न देताना चेहरा सरळ ठेवा आणि गटांना भरपूर वेळ द्या. ओतणं-काढणं चालू राहतं, कधी ३ येतात, कधी ६, पण ४ येत नाहीत. मग कुणीतरी विचारतं, की हे होतच नाही का? कारण काय असेल, हे गटांनाच लिहायला सांगा. प्रत्येक वेळी टाकलेलं किंवा काढलेलं पाणी तिनाच्या पटीत आहे, त्यामुळे बादलीत जे काही राहील ते तिनाच्या पटीतच राहणार.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त कुट्टकाच्या, म्हणजे अशा प्रश्नांची पूर्णांकी उत्तरं शोधण्याच्या, गणितात हेच सांगितलं आहे. ज्या संख्येने भाज्य आणि भाजक या दोन्हींना भाग जातो, तिने क्षेपालाही, म्हणजे वरच्या ४ सारख्या मागितलेल्या संख्येलाही, भाग गेला नाही, तर दिलेला प्रश्नच सदोष. त्याआधी ४९९ मध्ये आर्यभटाने दिलेल्या रीतीतही एकमेकांना भागत जाण्याची हीच पायरी आहे. मुलांनी उत्तरं लिहून झाल्यावर हे त्यांना सांगा. मग ६ च्या जागी ५ पेल्यांचा आणि ९ च्या जागी ३ पेल्यांचा डबा ठेवा आणि पुन्हा ४ मागा. पाचाचा डबा भरून बादलीत ओतला आणि तिनाचा भरून काढून घेतला, की २ उरतात. तसंच आणखी एकदा केलं की ४. आता ५ आणि ३ यांचा मसावि किती, हे विचारायची गरज पडत नाही. त्याऐवजी असं विचारा, की या दोन डब्यांनी न मोजता येणारी एखादी पूर्ण संख्या सापडते का, आणि गटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत शोधू द्या.